पिंडारीची वाट आणि ओझ्याचा इतिहास

मराठीत हिमालयावरचे लेखन थोडेथोडके नाही. दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून, गिर्यारोहण मंडळांच्या स्मरणिकांतून ते वर्षानुवर्षे येत आहे. या लेखनात बर्फ असते, देवदार असतात, पहाटे सोनेरी होणारे शिखर असते आणि लेखकाला झालेला आत्मसाक्षात्कारही असतो. ओझे वाहणारा माणूस मात्र नसतो. असलाच तर तो 'आमचा भोळाभाबडा पोर्टर' म्हणून चार ओळींत येतो, चहा करून देतो, हसतो आणि निघून जातो. लेखकाची पिशवी, तांदूळ, रॉकेल, पांघरुणे हे सारे दहा-बारा हजार फुटांवर पोहोचले कसे, हा प्रश्न त्या लेखनाला पडत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी दुसऱ्याचे ओझे वाहिले नाही त्यांना तो पडणार तरी कसा? मला तो पडला, कारण माझ्या आजोबांनी वाहिले होते.

आजोबा सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावचे वतनदार महार. पाळी आली की तलाठ्याचे दप्तर आणि वसुलीची पिशवी तालुक्याला पोहोचवायची, फौजदाराचा मुक्काम हलला की त्याचे सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचे आणि तेथे त्या गावच्या महाराच्या डोक्यावर द्यायचे, परमुलखाचा माणूस आला तर त्याला वाट दाखवायची. ऊन, पाऊस, घरातले मयत, यांपैकी कोणतीही सबब चालत नसे. मुंबई राज्याचा कनिष्ठ गाववतने नष्ट करण्याचा कायदा १९५८ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला, तेव्हा आजोबा ऐन उमेदीत होते. त्यांच्या डोक्यावरची चुंबळ आजीने पुष्कळ वर्षे जपून ठेवली होती. का, ते तिने कधी सांगितले नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात आमच्या महाविद्यालयातील काही प्राध्यापक आणि विद्यार्थी कुमाऊँमधील पिंडारी हिमनदीच्या पदभ्रमणाला निघाले आणि इतिहासाचा मास्तर म्हणून मलाही त्यांच्यात ओढले गेले. खरे सांगायचे तर जाण्याची मला हौस नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत पैसे खर्चून थंडीत चालायचे, ही कल्पना आमच्या घरात कोणाला पटण्यासारखी नव्हती. चालणे हे आमच्याकडे कामाचे असते. पण गेलो, आणि गेलो ते बरे झाले. सह्याद्रीच्या पायथ्याला बसून आपण ज्याला आपलाच इतिहास समजतो तो दुसऱ्या एका डोंगरात दुसऱ्या रूपात पडलेला मला दिसला.

ही वाट अशी आहे. अल्मोड्याहून बागेश्वर, बागेश्वरहून कपकोट, तेथून लोहारखेत. आता मोटार रस्ता खातीच्या अगदी जवळ खरकियापर्यंत गेला आहे, पण आम्ही मुद्दाम जुन्या वाटेने गेलो. पहिल्या दिवशी लोहारखेतहून धाकुडीची चढण, सुमारे अकरा किलोमीटर, छातीचा भाता करून टाकणारी. दुसऱ्या दिवशी आठ किलोमीटर उतरून खाती, या वाटेवरचे शेवटचे गाव. तिसऱ्या दिवशी पिंडर नदीच्या काठाने द्वाली. येथे पिंडरला काफनी नदी मिळते. २०१३ च्या जूनमधील महापुरात हा टप्पा पार धुऊन गेला होता. पूल गेले, पायवाट गेली. आम्ही गेलो तेव्हाही दरडीवरून जपून पाय टाकावा लागत होता. चौथ्या दिवशी फुरकिया. पाचव्या दिवशी पहाटे निघून हिमनदीच्या तोंडाशी, ज्याला तेथे 'झीरो पॉइंट' म्हणतात, सुमारे ३,६०० मीटर उंचीवर. वर नंदाखाट, नंदाकोट ही शिखरे. त्यांचे वर्णन मी करणार नाही. ते इतरांनी पुष्कळ केले आहे.

या प्रत्येक मुक्कामी रात्र काढायला छप्पर आहे. हिमालयात उंचावर फिरायचे तर तंबू हवेत असा आपला समज असतो, पण पिंडारीच्या वाटेवर इंग्रजांच्या काळापासून बंगले आहेत. दगडी भिंती, उतरते छप्पर, पुढे व्हरांडा, आत शेकोटीची जागा, आणि थोडे अंतर ठेवून स्वयंपाकघर व नोकरांची खोली. सार्वजनिक बांधकाम खात्याने हे बंगले दौऱ्यावरच्या साहेबासाठी बांधले. त्यांतील अंतर एका दिवसाच्या चालीचे आहे. कोणाच्या चालीचे? साहेब तर पुष्कळदा घोड्यावर किंवा दांडीत बसून येई. दांडी म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहायची खुर्ची. त्यामुळे हे अंतर पाठीवर भार घेतलेल्या माणसाच्या एका दिवसाच्या चालीचे आहे, असे मला वाटते. त्याच्या दमाने ही वाट आखली गेली आणि तोच या वाटेच्या इतिहासातून गळला.

इंग्रजांनी कुमाऊँ १८१५ मध्ये गोरख्यांकडून घेतला. १८१७ ते १८३५ या काळात तेथे जी. डब्ल्यू. ट्रेल हा कमिशनर होता. पिंडारी हिमनदीच्या माथ्यावरून पलीकडच्या जोहार खोऱ्यात उतरणारी सुमारे ५,३०० मीटर उंचीची एक खिंड आहे. १८३० मध्ये ट्रेलच्या खटपटीतून ती ओलांडली गेली आणि नकाशावर तिचे नाव 'ट्रेल्स पास' असे पडले. आता खिंडीत वाट कोणी काढली? दानपूर भागातील सुपी गावच्या मलक सिंह नावाच्या माणसाने. त्याचे नाव कुमाऊँत लोकांच्या तोंडी आहे, गिर्यारोहणाच्या पुस्तकांत कोठे कोठे तळटीपेसारखे येते, नकाशावर मात्र नाही. मलक सिंह दलित नव्हता हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. वाट दाखवणाऱ्याचे नाव पुसण्यासाठी त्याची जात खालचीच असावी लागते असे नाही. तो चाकर असला म्हणजे पुरते.

याच ट्रेलच्या कारकिर्दीत आणखी एक गोष्ट घडली. माणसांच्या पाठीवरून सरकारी सामान नेण्याची पद्धत त्यालाही खटकत होती, म्हणून १८२२ च्या सुमारास खेचरांचा तांडा पाळण्याचा प्रयोग त्याने करून पाहिला. तो टिकला नाही. खेचराला दाणा घालावा लागतो, माणूस आपले पीठ आपणच बांधून आणतो. राज्यकर्त्यांच्या हिशेबात माणूस स्वस्त पडला.

ही पद्धत इंग्रजांनी शोधून काढली असे नव्हे. चंद राजांच्या काळात ती होती, गोरख्यांच्या अमलात तर फारच जाचक होती. इंग्रजांनी तिला वहीत बसवले. तिचे तीन प्रकार होते. 'कुली उतार' म्हणजे नावापुरती मजुरी देऊन सक्तीने ओझे वाहून घेणे. ही मजुरी हातात पडेलच याची खात्री नसे. 'कुली बेगार' म्हणजे मजुरीशिवाय तेच. आणि 'कुली बर्दायश' म्हणजे साहेबाच्या छावणीला दूध, तूप, लाकूडफाटा, गवत, कोंबड्या असा शिधा पुरवणे. गावच्या प्रधानाकडे कुली रजिस्टर असे. त्यात घरवार नावे. पटवाऱ्याचा निरोप आला की पाळी असेल त्याने नांगर सोडून निघायचे. जमीन मोजणारे, जंगल खात्याचे अधिकारी, शिकारी, फौजेचे अंमलदार, हिमनदी पाहायला निघालेले हौशी साहेब आणि मडमा यांचे सामान एका पडावावरून दुसऱ्या पडावावर न्यायचे. सामानात काय काय असे याच्या आठवणी कुमाऊँत अजून सांगितल्या जातात. तंबू, बिछाने, दारूच्या पेट्या आणि साहेबाचा कमोडसुद्धा.

मी हे ऐकले तेव्हा मला क्षणभर आमच्याच गावची गोष्ट कोणी सांगत आहे असे वाटले. पाळी, शीव, पुढच्या गावाच्या हवाली करणे, सारे तेच. 'वेठ' हा आपला शब्द संस्कृत 'विष्टी'पासून आला आणि 'बिगार' फारसीतून. दोन भाषांतले दोन शब्द जोडून आपण 'वेठबिगार' केला. एवढ्या राजवटी बदलल्या, पण दोन्ही शब्दांचे काम कधी संपले नाही.

मात्र दोन्हींत एक फरक आहे आणि तोच मला या लेखात मांडायचा आहे. कुमाऊँत बेगारीचे बंधन जमिनीला चिकटलेले होते. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या घराचे नाव रजिस्टरात. जमीन तेथे मुख्यतः राजपूत आणि ब्राह्मण शेतकऱ्यांकडे होती. आपल्याकडे हे बंधन जन्माला चिकटलेले होते. १८७४ च्या वतन कायद्याने महाराच्या घरात जन्मलेल्याला गावाचा आणि सरकारचा चोवीस तासांचा चाकर ठरवले, आणि त्याच्या मोबदल्यात वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचे चार दाणे दिले. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले ते याच मुळावर घाव घालण्यासाठी. ते बिल त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. वतन ही गुलामी आहे हे आपल्याच माणसांना पटवून देणेही त्यांना किती जड गेले, हे जाणते वाचक जाणतातच.

तेथे बंधन जमिनीचे असल्यामुळे काय झाले? ज्याला आपल्या जातीचा अभिमान होता, ज्याच्या घरात शास्त्र होते किंवा तलवार होती, त्याच्या पाठीवर साहेबाचा कमोड चढला. अपमान झोंबला. अल्मोड्याजवळच्या खत्याडी गावच्या लोकांनी १९०३ मध्ये नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेले. १९०८ मध्ये पौडी गढवालात जोधसिंह नेगी यांनी 'कुली एजन्सी' काढली. लोकांनी वर्गणी भरायची आणि तिच्यातून मजुरीचे हमाल ठेवायचे, अशी ती कल्पना. १९१६ मध्ये कुमाऊँ परिषद स्थापन झाली. १९१८ मध्ये 'शक्ती' साप्ताहिक निघाले आणि बद्रीदत्त पांडे यांनी त्यातून या प्रथेवर सतत टीका केली. जंगले राखीव झाल्याने गुराढोरांचा चारा आणि सरपण तुटले होते, त्याचा राग त्यात मिसळला.

आणि मग १९२१ चा जानेवारी. बागेश्वर येथे सरयू आणि गोमती यांच्या संगमावर मकरसंक्रांतीला उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल आदी मंडळी तेथे पोहोचली. हजारो माणसांसमोर सभा झाली. यापुढे बेगार देणार नाही अशी शपथ लोकांनी सरयूचे पाणी हातात घेऊन घेतली आणि गावोगावच्या प्रधानांनी आणलेली कुली रजिस्टरे नदीत फेकली. डेप्युटी कमिशनर तेथेच तळ देऊन होता; एवढ्या समुदायापुढे त्याला काही करता आले नाही. त्यानंतर ती प्रथा पुन्हा उभी राहिली नाही. गांधीजी १९२९ मध्ये बागेश्वरला गेले तेही या लढ्याचे स्थान म्हणून. शेखर पाठक यांनी १९८७ मध्ये या प्रथेवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे; आपल्या अभ्यासकांनी तो जरूर पाहावा.

आम्ही बागेश्वरला संध्याकाळी पोहोचलो. संगमावर गेलो. विद्यार्थ्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या वाटाड्याचा चेहरा फुलला. तो खाती गावचा, तिशीतला, चांगला शिकलेला तरुण. त्याचे पणजोबा त्या जत्रेत होते असे त्याने सांगितले. "साहब, हमारे लोगों ने रजिस्टर यहीं बहाया था." त्याच्या आवाजात अभिमान होता आणि तो सार्थ होता. सत्तेची वही नदीत टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. महाडला चवदार तळ्यावर आपण १९२७ मध्ये गेलो आणि त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळली. एका अर्थाने त्याच जातीची ही कृती. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते त्या लढ्याचे मोल कमी करण्यासाठी लिहीत नाही.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे की बेगारीच्या विरोधात जे बोलले गेले त्यात नेमके कशाचे दुःख होते? माणसाने माणसाकडून सक्तीने ओझे वाहून घेऊ नये, याचे? की कुलीनांना कुली केले, याचे? दोन्ही सूर त्या काळच्या तक्रारींत आहेत. दुसरा सूर बराच मोठा आहे. आणि तो मोठा होता म्हणूनच रजिस्टर नदीत गेल्यावर गावातली दुसरी बेगार जागच्या जागी राहिली.

ती बेगार शिल्पकारांची. कुमाऊँ-गढवालातील दलितांना पूर्वी 'डोम' म्हणत. लोहार, तांबट, गवंडी, सुतार, ढोल वाजवणारे, कातडे कमावणारे अशा अनेक जाती त्यात येतात. डोंगरातली घरे, देवळे, भांडी, नांगराचे फाळ ही सारी त्यांच्या हातची. खुशीराम, हरिप्रसाद टम्टा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत 'डोम' हे नाव टाकून 'शिल्पकार' हे नाव घेतले आणि सरकारदरबारी मान्य करून घेतले. जो हात घडवतो त्याचे नाव त्याच्या घडवण्यावरून पडावे, हे नामांतर मला फार मोलाचे वाटते. टम्टा यांनी १९३४ मध्ये अल्मोड्याहून साप्ताहिक काढले त्याचे नाव 'समता'. बाबासाहेबांचे 'समता' पत्र १९२८ चे. दोन डोंगरांत सहा वर्षांच्या अंतराने तोच शब्द उमटला.

शिल्पकारांकडे जमीन जवळजवळ नव्हती. ब्राह्मणाने नांगराला हात लावायचा नाही, म्हणून त्याची जमीन कसायची ती शिल्पकार 'हलिया'ने. तोही बहुधा कर्जात अडकलेला आणि पिढीजात. या नांगरणीचे रजिस्टर कोठे ठेवलेले नव्हते, त्यामुळे ते सरयूत फेकण्याचा प्रश्न आला नाही. वहीतली बेगार दिसते. रूढीतली बेगार दिसत नाही.

आता ओझ्याकडेच परत येऊ. डोंगरात रस्ते नव्हते तेव्हा लग्नात नवरा पालखीत आणि नवरी डोलीत बसून जाई आणि ती वाहायची माणसांनी. शिल्पकाराने वाहायला हरकत नव्हती. शिल्पकार नवरा-नवरी मात्र डोलीत बसता कामा नये, असा दंडक. सवर्णांच्या गावावरून जाताना पायी चालायचे. गढवालात जयानंद भारती यांनी याविरुद्ध १९२० च्या दशकात 'डोला-पालखी' आंदोलन उभे केले. वराती अडवल्या गेल्या, मार खाल्ला गेला, कोर्टकचेऱ्या झाल्या. हे प्रकरण एवढे चिघळले की १९४१ मध्ये गांधीजींनी गढवालातील वैयक्तिक सत्याग्रह काही काळ थांबवला. स्वराज्याचे सैनिक आपल्याच गावातल्या वरातीला वाट देत नव्हते. ज्या समाजाने साहेबाची दांडी खांद्यावरून खाली ठेवली, त्यालाच शिल्पकार डोलीत बसलेला बघवत नव्हता. ओझ्याचा अपमान त्याला कळला होता, कारण तो स्वतःचा होता.

हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. ९ मे १९८० रोजी अल्मोडा जिल्ह्यातील कफल्टा गावातून शिल्पकारांची वरात चालली होती. देवळासमोरून जाताना नवऱ्याने डोलीतून उतरावे असे सांगण्यात आले. वरातीने ते मानले नाही. वादावादीत गावातील एक सवर्ण जवान मारला गेला आणि त्यानंतर वरातीतील चौदा दलितांची हत्या झाली, काहींना घरात कोंडून जाळण्यात आले. खालच्या न्यायालयांतून आरोपी सुटले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवून अनेकांना जन्मठेप दिली. सतरा वर्षे. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यात जे जळले ते आपण विसरलो नाही; त्यानंतर दोनच वर्षांनी कफल्टा घडले आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक आहे. हा दोष आपलाही आहे.

हे सारे मी वाटेवर वाटाड्याशी बोललो का? पुरते नाही. धाकुडीला शेकोटीजवळ त्याने माझे आडनाव विचारले. आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर'. त्याला त्याचा अर्थ लागेना. "सर, ये पंडितों में आता है या ठाकुरों में?" मी म्हटले, दोन्हींत नाही. तो थोडा वेळ लाकडे सारखी करीत राहिला आणि म्हणाला, "कोई बात नहीं, सर." त्यानंतर त्याच्या वागण्यात काही फरक पडला असे म्हटले तर तो अन्याय होईल. द्वालीच्या दरडीवर त्याने माझा हात धरून मला पलीकडे नेले. पण 'कोई बात नहीं' हे शब्द कशाबद्दल होते, हे मी अजून स्वतःला विचारतो. कोणी चूक केली म्हणजे आपण असे म्हणतो.

आमचे सामान वाहणारे दोघे कुमाऊँचे नव्हते. ते पश्चिम नेपाळातले, मामा आणि भाचा. कुमाऊँत अशा मजुरांना 'डोटियाल' म्हणतात, डोटी या त्यांच्या मुलखावरून. १९२१ नंतर सक्ती गेली, पण ओझे राहिलेच होते. ते वाहायला ज्याच्याकडे काहीच नाही तो पुढे आला. डोटियाल तेथे पूर्वीपासून येत होते, पुढे ते अधिक येऊ लागले. आता स्थानिक तरुण वाटाड्या होतो, खानावळ चालवतो, जीप चालवतो. पाठीवर पेटी घेणारा बहुधा नेपाळी असतो. मामाच्या कपाळावर पट्ट्याने घट्टा पडला होता. त्या पट्ट्याला ते 'नाम्लो' म्हणतात. ओझ्याचा सारा भार कपाळावर येतो आणि मान पुढे वाकलेली राहते, त्यामुळे चढणीवर त्याला आपल्या पायांपलीकडचे काही दिसत नाही. ज्या शिखरांसाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो ती त्याला फक्त विसाव्याला दिसत.

ही मजुरी आहे, बेगार नव्हे, हा फरक मी लहान मानत नाही. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने सक्तीचे श्रम गुन्हा ठरवले आणि इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा ठेवला गेला. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घ्यायची वेळ आली तरी तीत धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करायचा नाही, असेही तेथेच लिहिले आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षांच्या घराण्याला वतनाचा अर्थ माहीत होता. तरीही माणसाने माणसाला ओढण्याचे काम आपल्या डोंगरात संपायला फार वेळ लागला. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावा लागला. आपल्या शनिवार-रविवारच्या सहलीचे ते ठिकाण.

मला सर्वांत अवघड गेली ती वरच्या एका मुक्कामातील रात्र. बाहेर पाणी गोठत होते. आत आम्हा पाहुण्यांसाठी गाद्या, रजया आणि वहीत नाव लिहायची पद्धत. नाव, गाव, व्यवसाय, सही. आम्ही सर्वांनी लिहिले. माझ्या नावापुढे 'प्राध्यापक' लिहिताना मला नेहमी होतो तसा थोडा आनंद झाला. आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा माझ्याच नावापुढे आला आहे. मग मी वही चाळली. आधीच्या पानांवर पुण्याची, कोलकात्याची, दिल्लीची माणसे. सामान वाहणाऱ्यांची नावे नव्हती. मी तेथल्या राखणदाराला विचारले, या दोघांची नावे कोठे लिहायची? तो म्हणाला, त्यांची लिहीत नाहीत, ते पाहुण्यांबरोबरचे. एका वहीत नाव असणे ही शिक्षा होती, दुसऱ्या वहीत ते असणे हा मान. आणि माणूस तोच, पाठीवर भार घेऊन आलेला.

मी आग्रह धरला का? नाही. थंडी होती, जेवण तयार होते, मुलांना भूक लागली होती. जेवताना आम्ही खोलीत गोल करून बसलो. ते दोघे स्वयंपाकघरात चुलीजवळ बसले आणि आम्ही उठल्यावर जेवले. त्यांना बोलवावे असे माझ्या एका विद्यार्थिनीने सुचवले. वाटाड्या म्हणाला, ते तिकडेच खूश असतात, तेथे ऊब असते. ते खरेही असेल, चूल तेथेच होती. मी मुकाट्याने जेवलो.

शेवटच्या दिवशी खाली उतरल्यावर हिशेब झाला. मामाने नोटा दोनदा मोजल्या, भाच्याकडून एकदा मोजून घेतल्या, आणि पुढची टोळी कधी येणार ते वाटाड्याला विचारले.

दिवाळीनंतर गावी गेलो. आजीला मोबाइलवर बर्फाचे फोटो दाखवले. तिने ते लांबूनच पाहिले. एका फोटोत मामा दगडावर ओझे टेकवून उभा होता. तेथे तिने माझा हात धरला आणि फोटो जवळ घेतला.

"ह्यो कोन रं?"

मी सांगितले.

"किती वजन हुतं?"

तेही सांगितले.

"पैसं रोखीनं दिलं का त्येला?"

"हो आजी, रोख दिले. ठरलेले सगळे."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग फोटो तसाच हातात धरून तिने विचारले, "आन्‌ जेवाया कुठं बसवला हुता?"